चावी ओढायची सवय

बाजारात तिला सगळे भिंगमावशी म्हणत. डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर सरकवून ती तशीच भाजी आणायला जायची, दूधवाल्याशी वाद घालायची, आणि घरी आल्यावर भिंग कुठं पडलं म्हणून सगळे कोपरे धुंडाळायची. दुकान म्हणाल तर एका जिन्याखालची जागा. उंच माणूस आत शिरला की त्याचं डोकं जिन्याला आपटलंच समजा. मावशी मात्र अंगानं इतकी बुटकी, की तिला त्या जिन्याच्या मापावरच घडवून पाठवलं असावं.

दुकान मुळात नवऱ्याचं. तो घड्याळं दुरुस्त करायचा, ही दुपारी डबा घेऊन यायची आणि तो जेवेपर्यंत शेजारी बसायची. बसून बसून बघायला शिकली. पुढं नवऱ्याच्या हाताला कंप सुटला, तेव्हा तो तोंडानं सांगायचा आणि हात हिचे चालायचे. मग सांगणारं तोंडही गेलं. हात राहिले. शाळेचं म्हणाल तर आकडे ओळखता येण्यापुरती शाळा तिनं पाहिली होती, आणि घड्याळावर आकड्यांशिवाय असतं काय?

भारी घड्याळं तिच्याकडं कधी आली नाहीत. भारी घड्याळवाले लोक जिन्याखाली वाकतील कशाला? तिच्याकडं यायची ती स्वस्तातली. पहिल्या नोकरीला लागलेल्या पोरांची, हमालांची, नर्सबाईंची. रस्त्यावर गाडा लावून विकतात ती, पाठीमागं भलतंच नाव असलेली. लोक विकत घ्यायच्या आधी तिला दाखवायला आणत, आणि मावशी सांगायची तसं ऐकत. ती आधी घड्याळ कानाला लावी. मग सेकंदकाट्याकडं टक लावून बघे, की काटा नेमका रेघेवर पडतोय की दोन रेघांच्या मधे लटपटतोय. काच ओठाला लावी. खरी काच थंडगार लागते, प्लास्टिक कोमट. पट्टा मनगटावरून उलटा ओढून बघे, केस ओढले गेले तर पट्ट्याच्या कडा घासलेल्या नाहीत. वजनाला ती भुलायची नाही, कारण आत लोखंडाची चकती घालून घड्याळ जड करणारे महाभाग तिनं पाहिले होते. आणि सगळ्यात शेवटी मागचं झाकण उघडायची. "स्वस्त वेगळं आणि हलकं वेगळं," असं ती म्हणे. "वरून नट्टापट्टा कितीही असो, किंमत झाकणाखाली असते. झाकण उघडल्याशिवाय बोलू नये."

ही तिची स्वतःची शिकवण. ती तिनं नेमकी एकदाच मोडली, आणि तीही कुठं, तर भावाच्या घरी, भरल्या पानावर.

तिची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या सवयीनंच केलं. दुकानात विकायला ठेवलेली घड्याळं चालू ठेवत नाहीत. रिकाम्या खोलीत दिवा जळत ठेवण्यासारखंच ते. म्हणून बाजूची बारीक चावी नखानं जराशी बाहेर ओढून ठेवायची. काटे थांबतात आणि आतला सेल वाचतो. गिऱ्हाईक आलं की चावी आत दाबायची. इतक्या वर्षांत मावशीच्या अंगठ्याला हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की हातात आलेलं कुठलंही घड्याळ बघून झालं की नख आपोआप चावीखाली जायचं. गिऱ्हाइकाचं घड्याळ असलं तरी. बाजारातल्या लोकांना ते ठाऊक होतं. घड्याळ परत घेताना ते हसून म्हणत, "मावशी, चावी," आणि ती जीभ चावून चावी आत दाबायची. बाजारात तिला आठवण करून देणारे होते. घरी कोण असणार?

तिचा थोरला भाऊ, दादा, जन्मभर छापखान्यात अक्षरांचे बारीक खिळे जुळवत होता. निवृत्त होताना त्याला शाल मिळाली आणि अधू डोळे मिळाले. त्याची एकुलती मुलगी, म्हणजे मावशीची भाची. तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं ते एका माल पोचवणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरशी. दादाला ते आवडलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जावयाशी तो दोनच शब्द बोलायचा: 'या' आणि 'बसा'. 'निघा' हा तिसरा शब्द तोंडात तयार असायचा, पण बहुतेक वेळा जावईच आधी निघायचा.

भाचीची मुलगी ढमी पहिलीत गेली, भाचीला नोकरी लागली, आणि शाळेच्या गाडीवरून ढमीला घरी आणायचं काम दादाकडं आलं. दादा बदलला तो तेव्हापासून. सकाळीच दाढी करायचा. दुपारी जेवून बागेतल्या मंडपात बुद्धिबळ खेळायला जायचा आणि तिथून थेट गाडीच्या थांब्यावर. मोबाईल त्याला सोसायचा नाही, तो घरी फळीवर चार्जिंगला असायचा. जुन्या घड्याळातले आकडे आता दिसेनासे झाले होते, त्यामुळं बागेत दर थोड्या वेळानं कुणाला तरी वेळ विचारावी लागायची. हे जावयाच्या कानावर गेलं.

मावशीच्या दुकानाला सुट्टी होती, ती दादाकडं जेवायला आली होती. भाचीही कामावरून जेवणाच्या सुट्टीत आली होती. जावई माल पोचवता पोचवता वाकडी वाट करून आला आणि एक डबी दादापुढं ठेवली. आत घड्याळ. पांढरी शुभ्र तबकडी, तिच्यावर ठसठशीत काळे आकडे. दादानं ते मनगटावर चढवलं, हात लांब धरला, जवळ घेतला, पुन्हा लांब धरला, आणि म्हणाला, "चष्म्याशिवाय दिसतंय की."

वहिनी वाढता वाढता थांबली. जावयाला उद्देशून दादा इतकं लांबलचक वाक्य आजवर बोलला नव्हता. जावयाचे कान लाल झाले. भाची पाण्याचा तांब्या घेऊन उगाच उभी राहिली. सगळ्या घराला कळलं की आज इथं काहीतरी जुळतंय.

दादानं कौतुकानं घड्याळ काढलं आणि मावशीच्या हातात दिलं. "बघ गं, तू सांग."

आता शहाण्या बाईनं काय करावं? 'छान आहे' म्हणावं आणि भात कालवावा. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. चार माणसं आपल्या तोंडाकडं बघतायत म्हटल्यावर मावशीला चेव आला. तिनं काच ओठाला लावली, पट्टा मनगटावरून ओढला, घड्याळाची कड नखानं खरवडली.

"मुलामा आहे, घामानं उडेल," ती म्हणाली. "काच नाही, प्लास्टिक आहे. पट्टा पत्र्याचा. आणि या तऱ्हेच्या घड्याळात मशीन असतं ते एकाच जातीचं. बिघडलं की फेकून द्यायचं."

"पण चालेल ना?" भाचीनं विचारलं.

"चालेल तोवर चालेल. बंद पडलं की कळवा."

वहिनीला हसू फुटलं. दादाही हसला, बहिणीच्या हुशारीचं त्याला पहिल्यापासून कौतुक. जावईसुद्धा हसला, पण रेघेवर न पडता मधेच लटपटणाऱ्या काट्यासारखं ते हसणं होतं. तो अर्धा पेला पाणी प्यायला, गाडी उभी आहे म्हणाला आणि गेला. मावशीला ते दिसलं, पण कढी ऊन होती आणि ती पुन्हा जेवणाकडं वळली. घड्याळ दादाकडं परत देताना बोलता बोलता अंगठ्याच्या नखानं आपलं काम चोख केलं. चावी ओढली. काटे थांबले. दादानं घड्याळ मनगटावर बांधलं आणि तोंड पुसून बागेत निघाला. 'मावशी, चावी' म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.

त्या दुपारी आभाळ भरलेलं होतं, उन्हावरून वेळ कळायला वाव नव्हता. दादानं खेळताना घड्याळ बघितलं, भरपूर वेळ आहे म्हणाला. पुन्हा बघितलं, तरी वेळ होताच. त्याच्यासमोर बसणारा निवृत्त पोस्टमन नंतर सांगत होता की नवं घड्याळ म्हणून आम्हीही त्याच्यावरच भरवसा ठेवला, माझा चहा चुकला. त्याचा चहा चुकला. दादाची नात चुकली.

शाळेच्या गाडीतल्या बाईनं दुसऱ्याच कुणा आजोबांना दादा समजून ढमीला उतरवलं. ढमी थांब्यावर उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग तिला वाटलं, आपण बाबांच्या गोदामाकडं जावं. आणि ती उलट्या दिशेला चालू लागली, मोठा रस्ता ओलांडून. इकडं दादाला संशय आला तो मंडपातले दिवे लागले तेव्हा. तो धावत सुटला. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. मग पोरगी शोधायला सगळे बाहेर पडले. जावयानं माल तसाच टाकून गल्ल्या पालथ्या घातल्या, आणि त्यालाच ती सापडली, एका टायरवाल्याच्या दुकानात, टायरवर बसलेली. टायरवाल्यानं तिला बिस्किटं दिली होती. ती तिनं खाल्ली नव्हती, मुठीत धरून चुरा केला होता.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, पण दादाचा काही केल्या पडेना. भीती पुरुषमाणसाच्या आत फार वेळ भीती म्हणून राहत नाही, तिचा राग होतो. त्यानं मनगटावरचं घड्याळ ओरबाडून जावयापुढं टाकलं. असली भिकार वस्तू घरात आणली, पोरीच्या जिवाशी खेळ केला, तुमच्याकडून दुसरी अपेक्षा काय करायची, असं पुष्कळ बोलला. 'माझी बहीण तोंडावर म्हणाली होती' हेही बोलला. जावयानं उलट शब्द काढला नाही. घड्याळ उचललं, क्षणभर हातात धरून बघितलं, खिशात घातलं आणि पोरीला कडेवर घेऊन निघून गेला.

मावशी तोवर आपल्या घरी गेली होती. तिला हे सगळं वहिनीनं फोनवर सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "वन्सं, तुमचं बोलणं अगदी खरं झालं बघा."

ढमी सुखरूप आहे हे ऐकून मावशीनं सुस्कारा टाकला. आणि लाज वाटावी अशी गोष्ट, पण घडली ती घडली: त्या सुस्काऱ्याच्या पाठोपाठ तिला थोडं बरं वाटलं. आपली पारख चुकत नाही, असं काहीसं.

हे बरं वाटणं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं. दुपारी भाची दुकानात आली. डोळे सुजलेले. तिनं घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, याला नक्की काय झालंय ते बघ. त्यांना विचारलं तर ते काही बोलत नाहीत."

मावशीनं घड्याळ हातात घेतलं. भिंग लावायची गरज पडली नाही. चावी बाहेर होती. नखाएवढी, जशी ती नेहमी ओढते तशी. काटे थांबले होते ते दादाच्या घरच्या जेवणाच्या वेळेवर.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, मावशीची सरकली नाही. ती आधीच स्टुलावर बसली होती. तिनं भाचीकडं पाठ केली, उजेडाकडं वळल्यासारखं दाखवलं आणि चावी आत दाबली. सेकंदकाटा उठला आणि चालू लागला. काही झालंच नाही असा.

"चाललं?" भाचीनं मागून विचारलं.

"चाललं."

"म्हणजे दोष घड्याळाचाच होता ना?"

आणि मावशी म्हणाली, "हं."

एवढंच. एका अक्षराचं उत्तर. चावी ओढली ती हातानं, सवयीनं. त्याला कुणी पाप म्हणणार नाही. पण हे 'हं' तिनं शुद्धीत, जागेपणी, पोरीसारख्या भाचीच्या तोंडावर म्हटलं. भाची मान खाली घालून गेली. चार दिवस तपासायला म्हणून घड्याळ मावशीनं ठेवून घेतलं.

ती गेल्यावर मावशीनं मागचं झाकण उघडलं, आणि तिला आणखी एक चपराक बसली. आत मशीन धातूचं होतं. नीट स्क्रूनं बसवलेलं, झाकणाला रबराची कडी, दुरुस्त करता येईल असं. वरचा थाट साधा होता, मुलामा खरंच उडणार होता, काच प्लास्टिकची होती हेही खरं. पण आतला जीव चांगला होता. घड्याळ स्वस्त होतं, हलकं नव्हतं. कुणीतरी ते निवडून, पारखून घेतलं होतं.

मग तिला आठवायला लागलं, की पट्टा मनगटावरून ओढला होता तेव्हा एकही केस ओढला गेला नव्हता. काटा रेघेवर पडतो का, हे तर तिनं बघितलंच नव्हतं.

पुढचे दिवस घड्याळ काउंटरवर चालत राहिलं. एक क्षण मागं नाही, पुढं नाही. मावशी त्याच्याकडं पाठ करून बसायची. 'तपासते' म्हणाली होती, पण तपास कुणाचा चालला होता ते तिला कळत होतं. करून सवरून नामानिराळी राहिलेल्या बायका तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या, त्यांच्यावर ती तोंडसुखही घ्यायची. आता त्या बायकांत आपलीही एक जागा आहे, हे घशाखाली उतरत नव्हतं. गिऱ्हाइकानं घड्याळ पुढं केलं आणि कसं आहे विचारलं की ती म्हणायची, बरं आहे, घ्या. लोक म्हणायला लागले, मावशीला बरं नाही वाटतं.

दादाकडच्या बातम्या वहिनी सांगायची. भाचीनं ढमीला शाळेजवळच्या पाळणाघरात ठेवलं होतं. दादाचं काम गेलं. तो आता दाढी करत नव्हता. बागेतही जात नव्हता. जावई या घराची पायरी चढत नव्हता, आणि दादा म्हणत होता, नको चढू दे. आपण सांगायचं ठरवून मावशी दोनदा दादाकडं गेली. एकदा पाहुणे बसले होते. एकदा कुणीच बसलेलं नव्हतं, तरी ती चहा पिऊन परत आली.

मग एके दिवशी जावईच दुकानात आला. शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडं खोकी टाकायची होती. जिन्याला डोकं आपटू नये म्हणून तो आधीच वाकून शिरला आणि म्हणाला, आत्या, ते घड्याळ झालं असेल तर न्यायचं होतं.

घड्याळ समोरच चालत होतं. त्यानं ते उचललं, काट्याकडं बघितलं. कुठं घेतलंत, असं मावशीनं विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून. तो संकोचत म्हणाला की पुष्कळ दुकानं हिंडलो. त्याच्या लग्नाच्या जेवणात मावशी एकदा बायकांना सांगत होती, घड्याळ कसं बघावं, काटा रेघेवर पडतो का, केस ओढतो का, आणि झाकण उघडून दाखवा म्हणावं. ते त्यानं मागं उभं राहून ऐकलं होतं. झाकण उघडून दाखवायला दुकानदार तयार होत नव्हते. शेवटी एक झाला.

"तुम्ही म्हणालात तसंच बघून घेतलं होतं," तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही. चुकलं असेल माझं, अशा सुरात.

मावशीला त्याच्या तोंडाकडं बघवेना.

"मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?" तिनं विचारलं. "दादा एवढं बोलला. तुम्ही घड्याळ हातात धरून बघितलं होतं. वहिनीनं सांगितलं मला."

त्यानं चावीवर बोट टेकवलं. "चावी निघालेली दिसली मला," तो म्हणाला. "म्हटलं ढमीनंच ओढून सैल केली असणार. आदल्या दिवशी घरी ती डबी उघडून त्याच्याशी खेळत होती. तिथं बोललो असतो तर सगळे तिच्यावर घसरले असते. आधीच भेदरलेली पोर. म्हटलं, बोलतायत ते मला बोलू देत."

"ढमीला विचारलंत?"

"घरी गेल्यावर विचारलं. हळूच. नाही म्हणाली. मग रडली. आता रोज झोपताना विचारते, बाबा, मी चावी काढली म्हणून मी हरवले का. आठवत नाही म्हणते, पण काढली असेल म्हणते."

जिन्यावरून कुणीतरी वर गेलं. मावशीच्या डोक्यावर पावलं वाजली आणि थांबली.

"ढमीनं नाही काढली," ती म्हणाली. "मी काढली. तुमच्या समोर, जेवताना. माझ्या हाताची खोड आहे ती. भाची घड्याळ घेऊन आली त्या दिवशीच कळलं मला, आणि मी तिच्याशी खोटं बोलले."

त्यानं ऐकलं. वर बघितलं नाही. चिडला असता तर मावशीला सोपं गेलं असतं. तिला चिडलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायची सवय होती. त्यानं घड्याळ पुन्हा काउंटरवर ठेवलं आणि नुसता म्हणाला, "माझं राहू द्या, आत्या. पण पोरीला तुम्ही सांगा. माझं सांगणं ती आता खरं धरत नाही."

त्याच संध्याकाळी मावशीनं दुकान लवकर बंद केलं, भाचीला ढमीला घेऊन दादाकडं यायला सांगितलं, आणि आपण पुढं गेली. जावई आला नाही. दादा खुर्चीत बसला होता, गालावर पांढरे खुंट. मावशीनं बसकण जमिनीवर मारली, ढमीच्या उंचीला यावं म्हणून, आणि घड्याळ तिच्या हातात ठेवलं.

"ढमे, ऐक. ही चावी तू नव्हती काढलीस. मी काढली होती. या नखानं."

ढमीनं नखाकडं बघितलं, मग मावशीकडं. "तू?"

"मी. विसरून. तुझा काही म्हणजे काही दोष नाही."

"मग आजोबा तुला ओरडले का?"

"त्यांना माहीतच नव्हतं."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

सहा-सात वर्षांच्या पोरीनं सरळ विचारावं आणि साठी उलटलेल्या बाईनं शब्दांची जुळवाजुळव करावी. विसरले म्हणावं तर खोटं, भ्याले म्हणावं तर पोरीला कळायचं नाही. शेवटी ती म्हणाली, "मी भ्याले." ढमीला ते चांगलं कळलं. ती मांडीवर येऊन बसली नाही काही, पण घड्याळ तिनं परत दिलं नाही, धरून ठेवलं.

भाचीनं पदर तोंडाला लावला होता. वहिनी दारात गोठल्यासारखी उभी. दादानं सगळं ऐकलं होतं. तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला.

"हिनं विचारलं, दोष घड्याळाचाच ना, तेव्हा तू हो म्हणालीस?"

"हो."

"मी त्या पोराला काय काय बोललो, ठाऊक आहे तुला? ते आता तू परत घेणार आहेस का?"

बोललेलं परत घेता येतं असं कुठलं मशीन मावशीच्या माहितीत नव्हतं. दादा आतल्या खोलीत गेला आणि ती निघेपर्यंत बाहेर आला नाही. वहिनी दारापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली की वन्सं, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण नेहमी म्हणायची तसं 'पुन्हा या' म्हणायचं विसरली.

दादाला माफी मागणं जन्मात जमलं नव्हतं, आणि या वयात शिकणंही शक्य नव्हतं. पण त्यानं दाढी केली. ढमीकडून घड्याळ मागून घेतलं, मनगटावर बांधलं आणि चालत गोदामावर गेला, जिथं गाड्यांत माल भरतात. तिथं खोक्यांच्या गर्दीत तो बराच वेळ उभा राहिला. जावई दिसल्यावर त्यानं मनगट त्याच्यापुढं केलं आणि म्हणाला, "किती वाजले बघ रे जरा." आकडे एवढे ठसठशीत, त्याला ते लांबूनही दिसत होते. जावयानं मनगट हातात धरलं, घड्याळ बघितलं आणि वेळ सांगितली. मग दोघांनी तिथल्या टपरीवर चहा घेतला. हे वहिनीनं मावशीला फोनवर सांगितलं. सांगताना ती हसत होती. म्हणाली, घरी येऊन हे मला म्हणतात कसे, घड्याळ बरं निघालं हो, बहीणच हलक्या मशीनची निघाली.

मावशीही हसली. भावानं आपल्यावर विनोद केला म्हणजे त्यानं आपल्याला टाकलेलं नाही, एवढं तिला कळत होतं. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य तिच्याजवळच राहिलं. विनोद म्हणून झटकायला गेली, झटकलं गेलं नाही. तिनं स्वतःच्या तोंडानं कितीतरी घड्याळांवर असे शिक्के मारले होते. ती घड्याळं कुणी कुणासाठी निवडून आणली होती, ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

ढमीचं पाळणाघर सुटलं. दादा पुन्हा थांब्यावर जायला लागला. पण ढमी आता गाडीतून पटकन उतरत नाही. पायरीवर उभी राहून आजोबा दिसेपर्यंत दांडा सोडत नाही, आणि मागची मुलं कुरकुरतात. ते कळल्यापासून गाडी यायच्या वेळी मावशी दुकानाला फळी लावते आणि थांब्यावर येते. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळू दे. ढमीला लांबूनच दोन माणसं दिसावीत म्हणून ती येते. एक चुकलं तर दुसरं असावं.

दादा बहिणीशी अजून फारसं बोलत नाही. थांब्यावर एक बाक आहे. ती आली की तो न बघता एका टोकाला सरकतो, अर्धा बाक मोकळा होतो. तिला बस म्हणायला तो तोंड उघडत नाही, आणि नको बसू असंही कुणी म्हटलेलं नाही. मावशी मात्र बाकाशेजारी उभीच राहते, पाय दुखले तरी, गाडी येईपर्यंत.